चमचा ओठांपर्यंत

"बोलायचं नाही, भाई. नुसतं खायचं."

एवढे म्हणून बाई बशी माझ्यापुढे सरकवायच्या आणि आपला चमचा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी घास चावत असे आणि त्या माझ्या भुवया वाचत असत. घास गिळायच्या आधीच निकाल लागलेला असे. "मीठ कमी. आणि कोंबडी आतून कच्ची राहिलीय. हो ना?" मला हो म्हणायचीही गरज पडत नसे. चेहऱ्यावर सगळे उमटणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांतला. बाईंनी ते बरोबर हेरले होते.

साठच्या दशकातली गोष्ट. कुवेतमध्ये दस्मानजवळ, समुद्राच्या बाजूला, अमेरिकन पद्धतीचे एक हायस्कूल होते. मी तिथे स्टोअरकीपर होतो. रत्नागिरीकडचा मुसलमान, मॅट्रिक झालेला, पंचविशीतला. शाळेतली खाती मी सामानावरून ओळखायचो. सायन्सला स्पिरिट लागे, वर्कशॉपला प्लायवूड, टायपिंगला रिबिनी, इतिहासवाल्यांना नुसता खडू. होम इकॉनॉमिक्सला अंडी. तिथे मुले आपले विषय आपणच निवडत, आणि स्वयंपाक हा गणितासारखाच एक विषय होता. त्याची परीक्षा असे, मार्क असत.

माझ्या खोलीत राहणारा चुलतभाऊ म्हणे, "म्हणजे पोरी अंडी उकडतात नि पास होतात? मग माझी आई डबल ग्रॅज्युएट की रे!"

बाई त्या खात्याच्या शिक्षिका. पुण्याच्या, बडोद्याला गृहविज्ञान शिकलेल्या. नवरा इथे तेल कंपनीत होता. तो अचानक वारला, आणि मुलीला घेऊन परत जाण्याऐवजी बाईंनी ही नोकरी धरली. नोकरी होती म्हणून इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना होता. आणि इकामा होता म्हणून मुलगी त्याच शाळेत शिकत होती.

अडचण एकच होती. बाई मांस-मच्छी खात नसत, अंडेसुद्धा नाही, केकमधले देखील. शिवाशिव मात्र अजिबात नव्हती. कोंबडी उघड्या हातांनी साफ करून दाखवायच्या, सुरी कुठल्या सांध्यात घालायची ते शिकवायच्या. चाखायची वेळ आली की चमचा ओठांपर्यंत जायचा आणि मुलींची नजर चुकवून तसाच खाली यायचा. शेजारी मी दुसरा चाखणारा म्हणून उभा असे. सगळ्यांना वाटे, दोघेही चाखतात. खरे काय ते आम्हा दोघांनाच माहीत होते.

एकदा माझी दाढ ठणकत होती आणि मी बोललो नव्हतो. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला वाईट मार्क पडले. एक मुलगी तर रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी माझा सुजलेला गाल बघून बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, दाढ दुखते तर सांगायचं नाही का? तुमच्या दाढेपायी मी त्या पोरीचं पुडिंग नापास केलं!"

"तुम्हीच म्हणता ना, बोलायचं नाही?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावे लागले. मग वर्गाला पुन्हा पुडिंग करायला लावले. मुलींना कारण कधीच कळले नाही.

एकदा मी धीर करून विचारले, "बाई, एक घास खाल्लात तर इथे कोण बघणार आहे?"

"बोटीवर चढताना सासूबाईंनी शब्द घेतला होता," त्या म्हणाल्या. "त्या गेल्या. ज्यांच्याबरोबर आले तेही गेले. आता मला त्यातून सोडवणार कोण, सांगा?" आणि पातेले घासायला वळल्या.

त्या वर्षी अमेरिकेहून नव्या विभागप्रमुख आल्या. सहामाही परीक्षेच्या वेळी त्या स्वतः वर्गात हजर राहणार होत्या आणि त्यांच्या अहवालावर बाईंचा पुढचा करार ठरणार होता. परीक्षा आली नेमकी रमजानात. पदार्थ होता कोंबडीचा, आणि नंतर गोड म्हणून अंड्याचे कस्टर्ड.

आदल्या दुपारी बाई स्टोअरमध्ये आल्या. मैद्याचे डबे उगाच सरळ करत राहिल्या. दुसऱ्या कोणाला चाखायला बोलवायचे तर इतके दिवस मार्क कसे दिले ते सांगावे लागले असते. मीच म्हणालो, "उद्याचा रोजा मी सोडतो, बाई. पुढे एक धरीन."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "असा मुद्दाम सोडलेला चालतो?"

मी हो म्हणायला हवे होते. तोंड उघडलेही. पण ते तोंड माझे होते.

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं तर. माझ्या शब्दासाठी तुमचा मोडायचा, हे कुठलं शहाणपण? जा, बर्फाचं बघा."

मी बर्फाचे बघायला गेलो. दुसऱ्यांदा विचारले नाही. विचारले असते तर त्या ऐकत्या की नाही, ठाऊक नाही. मला सुटल्यासारखे वाटले होते, हे मात्र चांगले ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी बर्फाची बादली घेऊन वर्गाच्या दारात उभा होतो. विभागप्रमुख बाई मांडीवर कागद घेऊन बसलेल्या. मुली आपापल्या बशीमागे. बाई पहिल्या बशीपाशी आल्या, चमचा भरला, ओठांपर्यंत नेला. मला तो खाली येताना बघायची सवय होती. तो खाली आला नाही. बाईंनी घास तोंडात घेतला, सावकाश चावला, गिळला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसले नाही. "थोडं मीठ हवं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि मार्क दिले. मग पुढची बशी. मग त्याच्या पुढची. मग कस्टर्ड. कुठलीच सोडली नाही. प्रमुख बाई मान डोलावत होत्या.

संध्याकाळी बांग झाली. मी खजूर तोंडात घातला. तो रोजा कबूल झाला असेल का, हे मी इतक्या वर्षांत एका मौलवींना विचारले आणि त्यांनी सांगितलेले उत्तर मला पटले नाही.

करार झाला. मुलगी तिथूनच शिकून बाहेर पडली आणि मग दोघी मुंबईला गेल्या. त्यांच्या जागी एक अमेरिकन बाई आल्या. त्यांना चाखायला कोणी लागत नसे. पुढे बाईंची काहीच खबर नाही. कोणी पुण्याचे भेटले की मी चौकशी करतो.

पण मला जास्त आठवते ती ईदनंतरची एक सकाळ. बाई नेहमीसारख्या स्टोअरच्या खिडकीशी आल्या. मैदा, लोणी, साखर सांगून झाली. जाता जाता वळून म्हणाल्या, "आणि भाई, कोंबडी जरा कोवळी बघून आणा. परीक्षेतली फार चिवट होती."

मी बाजारात गेलो. पिंजऱ्यांपुढे उभा राहिलो. कोंबडीवाला विचारत होता, कुठली काढू, कुठली? मला हात उचलून दाखवता येईना.