शनिवारी नुसती तुरटी

सायकमोर लिकच्या बर्बन व्हिस्कीच्या भट्टीवर पाहुण्यांना फिरवायचं काम मी करते त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत होबर्ट सिसेल दहाच्या फेरीला आले नाहीत असे शनिवार दोनच. एक त्यांच्या बायकोला, व्हर्नाला, पुरलं तो. दुसरा, रस्ते बर्फानं बंद होते तो, तेव्हाही फोन करून म्हणाले, "माझी जागा कुनाला देऊ नको." भट्टीच बंद होती.

माणूस साधा. सदतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. दिवसभर पोरांचा कालवा, आणि घरी स्वतःचं पोर नाही. निवृत्त झाल्यावर दोन छंद जडले. एक दाढीचा. गरम पाण्यात भिजवलेला ब्रश, मगात फेटून लोण्यासारखा केलेला फेस, बापाच्या वेळचा जड रेझर. एक हात खाली, एक आडवा, एक उलटा. घाई नाही. ब्रश तर नऊ होते. व्हर्ना म्हणायची, "गाल दोन आणि ब्रश नऊ! उरलेले सात काय शेजाऱ्याला भाड्यानं देऊ?"

दुसरा छंद, बर्बनच्या भट्ट्या बघत हिंडायचा. दोघं मिळून हिंडायची, डब्यात हॅम भरलेले बिस्किट-पाव घेऊन. पिण्याचं वेड नव्हे; घोटभर चाखलं की झालं. व्हर्ना गेल्यावर बाकीच्या भट्ट्या सुटल्या, आमची तेवढी राहिली. ती शेवटची इथंच आली होती.

आमच्याकडे यायचं तर अंगाला अत्तर चालत नाही. एकाच्या अंगाचा वास सगळ्या टेबलाचे पेले नासवतो. होबर्टना हे कधी सांगावं लागलं नाही. एरवी दाढीनंतर ते लवंगेच्या वासाचं पाणी गालाला चोपडत, पण शनिवारी नुसती तुरटी. टेबलाशी मी प्रत्येकाच्या तळहातावर पहिल्या धारेचे चार थेंब टाकते. हात चोळायचे, सुकू द्यायचे, मग ओंजळ नाकाशी धरायची. होबर्ट मात्र ते थेंब ताजी दाढी केलेल्या गालांवर थापायचे आणि व्हर्ना लोकांना ओरडून सांगायची, "बघा हो, माझा नवरा दारूनं तोंड धुतो!"

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते दारात आले, आणि त्यांच्या आधी लवंग आत आली. ओहायोहून आलेल्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला. "दवाखान्यात आलोय का आपण?"

तिचा नवरा म्हणाला, "दातांच्या."

मी होबर्टना बाजूला घेतलं. "मिस्टर होबर्ट, आज वार कोणता?"

"शनवार. का गं पोरी?"

"मग तोंडावर बाटली उपडी केलीत की काय? पिंपांनासुद्धा ठसका लागेल."

त्यांनी मनगट हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्याकडे असं भांबावून बघितलं, की मला हसू आवरतं घ्यावं लागलं.

"लई येतंय का?"

"तुम्हाला येत नाही?"

त्यांनी हातातली टोपी फिरवली. "फेब्रुवारीत सर्दी झाली. सर्दी गेली, जाताना नाक घेऊन गेली. हात सवयीनं बाटलीकडं गेला आज. आधी वास आला की नाकच हाताला अडवायचं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय इचारलं. सांगितलं. मग त्यानं पेनाला टोपन लावलं."

आठ महिने! आठ महिने हा माणूस माझ्या टेबलाशी ओंजळ हुंगून नवख्यांना सांगत होता, आधी मका, मग काकवी, मग भिजलेलं धान्य.

"पाठ हाय," ते म्हणाले. "बशीचे थांबे पाठ असतात तसं. पन दारूचं सोड. घरी एक काम हाय, तुझ्या नाकाचं. कुनाला सांगावं कळंना. व्हर्नाचा कोट ठेवलाय पिशवीत. चार वर्षं झाली. उघडला की ती यायची. फेब्रुवारीपास्नं येत न्हाय. ती गेलीय का नुसतं माझं नाक गेलंय, तेवढं सांग."

फेरी दुसरीच्या गळ्यात घालून मी त्यांच्या मागोमाग गाडी काढली.

घर स्वच्छ. न्हाणीघरात खिडकीशी नऊ ब्रश उलटे टांगलेले, एकच ओला. कपाटातून त्यांनी हिरवा लोकरी कोट असलेली चेनची पिशवी काढली, पलंगावर आडवी ठेवली आणि स्वतः कडेला बसून डोळे मिटले.

मी काम करते तसंच केलं. श्वास सोडला, ओठ थोडे उघडे ठेवले, कॉलरपाशी वाकले. लवंग. बाही हुंगली. लवंग. अस्तर उलटं केलं. लवंग, आणि खाली दाढीचा साबण. खिशात कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी सापडली, तिलाही लवंगच.

"रोज उघडता का हो हा?" मी विचारलं.

"दाढी झाली की. तोंड घालून बघतो. वाटतं, आज येईल."

आठ महिने, रोज सकाळी. गालावरचं पाणी वाळायच्या आत.

"सांग की. काय येतंय?"

पेपरमिंट म्हणायला माझी जीभ वळली होती. व्हर्ना ती गोळी सतत चघळायची. मी म्हटलं असतं तर त्यांनी तेही पाठ करून ठेवलं असतं, काकवीसारखं. ते डोळे मिटून बसले होते, समजूत घालावी अशा लहान मुलासारखे नाही, खरं ऐकायला बसलेल्या मोठ्या माणसासारखे. खोटं बोलवेना.

"लवंग येतेय. तुमची."

"आनि तिचं?"

"सापडत नाही, मिस्टर होबर्ट."

त्यांनी हळूच मान हलवली. "म्हंजे म्याच घालवली तिला." पिशवीची चेन ओढली, ती अर्ध्यावर अडकली. जोर लावला नाही. तशीच सोडली.

"कॉफी घेतेस?"

"घेते."

कॉफी होईस्तोवर ते चुलीपासून हलले नाहीत. "करपली तर कळत न्हाय," म्हणाले. "म्हनून उभाच ऱ्हातो." कप हातात आल्यावर सवयीनं मी वासाचं कौतुक करायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी घोट घेतला.

पुढच्या शनिवारी दहाला ते आले. कानापाशी तुरटीची पांढरी रेघ राहिली होती. मी तळहातावर चार थेंब टाकले. इंडियानाच्या एका तरुणानं विचारलं, "तुम्ही जाणकार दिसता, आजोबा. काय येतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पेले पुसत राहिले.

"मला वास येत न्हाय, बाबा. तूच सांग."

तो तरुण अवघडला, मग सांगू लागला. मका म्हणाला, आजीच्या घरचं कपाट म्हणाला, बरंच काही म्हणाला. होबर्टनी ओंजळ तोंडावर धरली होती, कोटात तोंड घालावं तशी. बाकीचे चाखायला पेल्यांकडे वळले तरी त्यांचे हात तिथंच होते. थेंब केव्हाच सुकले होते.