तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे आहे

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मोठे शब्द मला येत नाहीत. नववीनंतर शाळा सुटली. सांभाळून घ्या. बुलढाण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये मी अटेंडंट आहे. इथले किस्से पोटात साठवून साठवून आता जागा उरली नाही. चारचौघांत सांगायला उभा राहिलो की लाजेनं शेवटचं वाक्यच विसरतो. कागदावर बरं पडतं.

*

प्राचार्यांनी आदेश काढला. एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलांच्या अडचणी ऐकायला प्रत्येक विभागात तक्रारपेटी लावा. पेटीतला प्रत्येक कागद विभागप्रमुखांनी पूर्ण वाचायचा, त्यावर शेरा लिहून सही करायची आणि त्याच संध्याकाळी प्राचार्यांकडे पाठवायचा.

आमचे विभागप्रमुख सरोदे सर. मायाळू माणूस, पण प्राचार्यांना इतके भितात की त्यांचा फोनसुद्धा उभे राहून घेतात!

सरांनी पेटी आपल्या केबिनच्या काचेसमोरच लावली. किल्ली माझ्याकडे दिली. पंधरा दिवसांत एक चिठ्ठी नाही! सर खूश. "पाह्य संतोष, आपल्याकडे कोणाले काही प्रॉब्लेमच नाही."

मी हिंमत करून म्हणालो, "सर, तुमच्या खुर्चीतून पेटी दिसते."

"मग?"

"मग पेटीपासून तुमची खुर्ची पण दिसते."

सरांनी खुर्चीतूनच एकदा पेटीकडे पाहिलं. पेटी वॉटर कूलरजवळ गेली. दुसऱ्याच दिवशी नऊ चिठ्ठ्या! पहिलीवर लिहिलं होतं, "पेटी हलवल्याबद्दल आभार. आता कूलरमध्ये पाणीही टाका."

*

त्याच नऊमध्ये एक टाइप केलेला कागद होता. खाली लिहिलेलं, "एक संशोधक विद्यार्थी, नाव गुप्त ठेवावे." तक्रार अशी की, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण दिवाळीपासून मार्गदर्शकांच्या टेबलावर पडून आहे. ते वाचल्याची त्यांची सही प्रगती अहवालावर वेळेत झाली नाही, तर माझं रजिस्ट्रेशन रद्द होईल.

आमच्या विभागात पीएच.डी. करणारी व्यक्ती एकच. वैशालीताई, संग्रामपूरकडच्या. सोयाबीनच्या पानाचा फोटो काढला की रोग ओळखणारा प्रोग्रॅम त्या बनवतात. आणि त्यांचे मार्गदर्शक म्हणजे खुद्द सरोदे सर!

सरांनी कागद पूर्ण वाचला. ताई समोरच बसल्या होत्या.

"कोण असंल बरं हे?" सर म्हणाले.

"काय माहीत सर," ताई म्हणाल्या.

सरांनी लाल पेनानं शेरा लिहिला, "संबंधित मार्गदर्शकांशी सविस्तर चर्चा केली. ते सध्या फार कामात आहेत." खाली सही.

ताईंनी अहवाल पुढे केला. "सर, याच्यावर पण एक सही..."

"न वाचता मी सही करत नाही. तत्त्व आहे माझं!"

*

मे महिन्यात गजाननची तक्रार आली. हा एम.एस्सी.चा, तोंडाचा फटकळ. त्यानं चिठ्ठीवर नावसुद्धा लिहिलं. सरांनी बोलावून घेतलं.

"सर, सर्व्हरले एसी हाये अन् आमाले पंखा बी धड नाही. काऊन?"

"अबे, सर्व्हर गरम झाला का बंद पडते. नवा मंजूर व्हायले दोन वर्षं लागतात."

"अन् आमी बंद पडलो त?"

"तुमची काय, जूनमध्ये नवी बॅच येते!"

शेरा पडला, "चर्चेअंती विद्यार्थ्याचे समाधान झाले." गजानन बाहेर येऊन मला म्हणाला, "संतोषभाऊ, समाधान झालं म्हणे माझं. पाहा बरं, कसा दिसून राह्यलो?"

*

अहवालाची तारीख जवळ आली तशा वैशालीताई सरांना गाठायला लग्नातही गेल्या. डोणगावला सरांच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. ताईंनी प्रकरणाची दुसरी प्रत मोठ्या पाकिटात घालून मांडवातच सरांच्या हातात दिली.

"आधी जेवून घे," सर म्हणाले आणि स्टेजवर गेले. आहेराचं पाकीट खिशात राहिलं आणि नवरदेवाच्या हातात तिसरं प्रकरण!

दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. सरांनी स्पीकरवर घेतला.

"सर, तुमचं पाकीट मीच उघडलं. जावयाले काही समजलं नाही, पण मी सगळं वाचलं. रोग बराबर सांगतला. पण फवारा कशाचा मारायचा, ते लिहिलंच नाही!"

ताई हळूच मला म्हणाल्या, "चला भाऊ, कोणीतरी वाचलं. अन् कमेंट पण दिली!"

*

मग सरांनी सगळ्यांची बैठक घेतली. म्हणाले, "चिठ्ठ्या कायले? तोंडावर बोला, मनमोकळं बोला." आणि मला हजेरी घ्यायला सांगितली.

गजानन उठला. "सर, प्रॅक्टिकलचे मार्क कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे."

"मग सगळं एकदम मस्त चालू हाये सर!"

वैशालीताईंनी हात वर केला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

*

शेवटची तारीख शनिवार. गुरुवारी संध्याकाळी मी लॅब बंद करत होतो, तेव्हा ताई आल्या.

"संतोषभाऊ, एक कोरा कागद द्या."

"कायले?"

"अर्ज लिहायचा हाये. मीच पीएच.डी. सोडते म्हणून लिहून देते. त्यांनी काढण्यापेक्षा ते बरं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. "कागद संपले ताई, उद्या देतो," एवढंच म्हणालो. पाचशे कागदांचं नवं पुडकं माझ्या काखेतच होतं. ताईंनी ते पाहिलं. तशाच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठलाच कॉलेजात आलो. सरांच्या टेबलावर चहाच्या ट्रेखालून तिसरं प्रकरण काढलं. सव्वीस पानं. पिन काढली, एकेका पानाची चार घड्या घालून चिठ्ठी केली आणि एकेक करून पेटीत टाकली. शेवटची दोन जाईनात, ती पट्टीनं ढकलली.

सर आले तेव्हा पेटी उघडून त्यांच्यासमोर ओतली.

"सर, सव्वीस निघाल्या. संध्याकाळी प्राचार्यांकडे जायच्या हायेत."

"सव्वीस! एकाच दिवशी!" सरांनी घाम पुसला. पहिला कागद उलगडला. वाचला. पुन्हा वाचला. मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी खाली फरशीकडे पाहत उभा.

मग त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"दार लाव, संतोष. अन् कोणालेच आत सोडू नको."

मी दार लावलं आणि बाहेर स्टूल टाकून बसलो.