खुंटीवरचा बिल्ला

कर्जतहून कळंबला जाणाऱ्या टेंपोत एक काका माझ्यासमोर बसले होते. हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते आणि बोलताना हात सारखा शर्टच्या खिशाशी जाई. ठेकेदार त्यांना अणुवीज केंद्रात दुरुस्तीला नेतो. तिथे छातीवर बिल्ला लावतात. अंगाला किती किरणं लागली ते त्यावरून कळतं. मर्यादा भरली की त्या माणसाचं काम बंद.

"म्हनून ठेकेदार बिल्ला भायेर खुंटीला लावून आत धाडतो," काका हसत म्हणाले. "मग तपासनीस साहेब येतात. बिल्ला बघून म्हनतात, तब्येत झकास हाय तुमची! आता खुंटीला काय व्हनार हाय, ताई?"

टेंपोतले सगळे हसले. मला संताप आला. सरकारने साहेब नेमला तो माणसांसाठी की बिल्ल्यांसाठी? एकदा आत जाऊन कामगाराच्या छातीकडे बघायला त्याचं काय जातं?

"काका, मी सायन्स शिकलेय. हा जिवाशी खेळ आहे. तुम्ही बोलत का नाही?"

"बोलनाऱ्याला पुन्ना नेत नाय. सोमवारी जायचंय मला."

"मग या खेपेला बिल्ला काढू नका."

काकांचं हसू गेलं. कळंबला उतरताना म्हणाले, "नाय काढला तर ठेकेदार घरी बसवंल. काढला तर काय व्हईल, ते तुमीच सांगा."

उत्तर मला ठाऊक होतं. ते द्यायला त्या साहेबालाच कॉलर धरून तिथे उभं करावंसं वाटलं.