परभूची भाकरी

देवावर माझा राग नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमच्यात कोणी अनुभव सांगायला उभं राहिलं की "मी देवावर रुसले होते" अशी सुरुवात करतं आणि मग शेवटी सगळं गोड होतं. माझं तसं नव्हतं. रुसायलासुद्धा थोडी ओढ लागते, आणि तीच उरली नव्हती. मी दर रविवारी चर्च उघडत होते, झाडत होते, वेदीवर धुतलेलं कापड अंथरत होते, घंटा वाजवत होते. फक्त विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, सगळ्यांबरोबर म्हणताना येशू "तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला" ही ओळ आली की माझं तोंड मिटायचं. बाकीचे म्हणायचे आणि मी वेदीकडं बघत उभी राहायचे. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

नांदूरघाटात आमची घरं मोजकीच. चर्च म्हणजे पत्र्याचं छत असलेली एक लांबट खोली, पुढं ओटा. फादर बीडकडून येतात, त्यांच्याकडं अशी बरीच गावं. म्हणून गावात एक प्रचारक असतो, जो फादर नसताना प्रार्थना घेतो, पोरांना शिकवतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो आणि चर्चची चावी सांभाळतो. माझे मालक प्रभुदास हे इथले प्रचारक होते. सगळं गाव त्यांना प्रभू मास्तर म्हणायचं. ईस्टरच्या सकाळी चर्चचं दार उघडून ते ओट्यावर उभे राहायचे आणि ओरडायचे, "येशू उठला हाय!" मग गल्लीतून आमच्या माणसांचं उत्तर यायचं, "खरंच उठला हाय!" मास्तरांचा आवाज पार पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. गिरणीवाला नंतर विचारायचा, "मास्तर, एवढं वरडल्यावर कोण झोपून ऱ्हाईल?"

कोरोनात ते गेले. त्यांना बीडच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि मला दुसरीकडं, कारण मलाही तेच दुखणं होतं. निरोप फोनवर आला. तिथल्याच दफनभूमीत दवाखान्याच्या माणसांनी त्यांना पुरलं, त्यांनी त्यांचं काम नीट केलं असेल, माझी तक्रार नाही. पण मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. बरी होऊन घरी आले तेव्हा गल्लीत सगळी दारं लावलेली. कोणी आलं नाही, आणि मी कोणाला दोषही देत नाही, कारण त्या दिवसांत मीसुद्धा कोणाच्या दारात गेले नसते. आपल्याकडं मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, बळंबळं दोन घास खायला लावतात, रडवतात आणि तिसरा दिवस करून मगच उठतात. माझ्या घरी मीच चूल पेटवली, खिचडी टाकली, खाल्ली आणि ताट घासून ठेवलं. डोळ्यात पाणी आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

ज्या माणसाचं मेलेलं तोंड पाहिलं नाही, त्याचं मरण मनाला पटत नाही आणि मग त्याचं उठणं तरी कसं पटायचं? मधेच कुठंतरी अडकल्यासारखं झालं होतं. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, फक्त "प्रभुदास" असं निळ्या रंगात लिहिलेली, तीही मी काढली नाही. असंच काही वर्षं चाललं, त्यांच्यामागं चर्चची चावी माझ्याकडंच. मग एका वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी ठरवलं, आता पुरे. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी फादरांना सांगितलं, "फादर, चावी दुसऱ्या कोणाला तरी द्या. येत्या ईस्टरला मी येणार नाही, आणि पुढंही नाही." फादर वयानं माझ्या मुलासारखे. त्यांनी ना कारण विचारलं ना उपदेश केला. "बाई, चावी सध्या तुमच्याकडंच राहू द्या," एवढंच म्हणाले. "रविवारी कोणी घ्यायला येईल, त्याला देऊन टाका." मला वाटलं, बरं झालं, सुटले.

त्याच सुमारास शेजारच्या खोलीत महानंदा राहायला आली होती. परळीकडच्या धर्मापुरीची, लिंगायत घरातली. तिच्या नवऱ्यानं आमच्या गल्लीच्या तोंडावर किराणा दुकान टाकलं होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, तोंड दिवसभर चालू. मी फार बोलत नसे, त्यामुळं माझ्याविषयी तिला काही ठाऊक नव्हतं. त्यात आमच्या बाया कुंकू लावत नाहीत, म्हणजे कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही, हे कपाळावरून कळायला मार्ग नाही. तिनं दारावरची पाटी वाचली आणि हा प्रभुदास कुठंतरी लांब नोकरीला असेल, असं आपलं आपणच धरून चालली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशू क्रूसावर मेला त्या दिवशी, आमची माणसं त्याच्या आठवणीत क्रूसाची वाट करत गल्लीतून निघाली. पुढं मोठा लाकडी क्रूस, मागं बाया रडक्या सुरात गात होत्या. मी गेले नाही. ओट्यावर बसून नुसती बघत राहिले.

रविवारी सकाळी उन्हं कोवळी होती तेव्हाच दार वाजलं. कोणीतरी चावी न्यायला आलं असेल म्हणून मी खुंटीवरची चावी हातात घेऊनच दार उघडलं. दारात महानंदा. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि पातेल्यात पिठलं. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं, हिच्याच घरी काहीतरी झालं.

"मावशी, उशीर झाला का?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिसऱ्याला सकाळीच यावं म्हणलं."

"कोणाचा तिसरा?"

ती गोंधळली. पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "परभूंचा. तुमचे मालक शुक्रवारी लिंगैक्य झाले न्हवं?"

त्यांच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. मला आधी काही समजेना. चावी हातात तशीच. "तुला कोणी सांगितलं?"

"सगुणाआजी दुकानात आलत्या. म्या म्हणलं, आजी, गूळ ताजा आलाय, घिऊन जावा. तर म्हणल्या, आज आमचा परभू मेला, आज गोड न्हाई, आता रविवारी तिसऱ्या दिवशी. अन् मग तुमची सगळी माणसं रडत गेली की इथून! तुमी तेवढ्या एकट्या ओट्यावर बसून. यांना म्हणलं, भिंतीला भिंत हाय, आपण जायला पायजे. तर हे म्हणले, आज गर्दी असंल, तिसऱ्याला भाकरी घेऊन जा."

खरं सांगते, आधी मला हसू आलं. आमच्या चर्चमधली म्हातारी सगुणाआजी प्रभू येशूबद्दल बोलत होती, आणि या बाईनं त्याला लिंगायत करून माझ्या घरात पाठवला होता! हसता हसता माझी नजर फडक्यातल्या भाकरीवर गेली. वाफ अजून निघत होती. ती भाकरी प्रभुदासांची होती. इतकी वर्षं उशिरा, चुकीच्या हिशेबानं, पण त्यांच्याच नावानं आणि त्यांच्याच दारात आली होती. माझं हसू कुठं गेलं ते कळलं नाही. मी उंबऱ्यावरच खाली बसले आणि जे रडू फुटलं ते थांबेना. महानंदानं पातेलं बाजूला ठेवलं, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिली. "रडा मावशी, रडून घ्या," म्हणाली. "शुक्रवारपासून तशाच बसल्यात तुमी. असं ऱ्हाऊ नये." शुक्रवारपासून नव्हे, कोरोनापासून.

रडू ओसरलं तेव्हा सगळं सांगितलं. माझे प्रभू कोरोनात गेले ते, आणि शुक्रवारी मेले ते वेगळे प्रभू.

"मंजे दोन परभू?"

"दोन."

"अगं बया! मग हे शुक्रवारचे... त्यांची भाकरी कुणाच्या घरी द्यायची?"

"त्यांची नको. ते आज उठले."

"मयत आज उठली? मग मातीला कोण कोण गेलं?"

तिची काय चूक. आपल्याकडं मयत उठली म्हणजे तिरडी निघाली. कोणी मेलं की माणसं दारात येऊन हेच विचारतात, कवा उठणार. मी जन्मभर "उठला" म्हणत आणि ऐकत आले होते, पण हा शब्द असा उलट्या बाजूनं कधी ऐकला नव्हता.

"मयत नाही गं उठली. तो उठला," मी म्हणाले. "जिता होऊन. माणसं बघायला गेली तर थडगं रिकामं."

खोटं बोलताय असं म्हणाली नाही. "आमच्यात बी पुरतेत," मग म्हणाली. "बसवून पुरतेत. पण माघारी कुणी आलं न्हाई."

"आमच्यातही रोज येत नाहीत. एकदाच झालंय. बाकीच्यांचं व्हायचंय."

"तुमच्या मालकाचं बी?"

इतक्या साध्या सुरात विचारलं, जसं कोणी विचारावं, मालक दिवाळीला येणारेत का. मी चटकन "हो" म्हणून गेले. "हो, त्यांचंही." आणि म्हटल्यावर मलाच ऐकू आलं. ज्या ओळीला इतकी वर्षं माझं तोंड मिटत होतं, ती मी उंबऱ्यावर बसून, नाक पुसत, एका किराणा दुकानवाल्याच्या बायकोला सांगून मोकळी झाले होते. फादरांनी विचारलं असतं तर मी म्हटलंच नसतं.

"उठल्यावर जेवले का ते?" तिनं पुढं विचारलं.

"जेवला की. आपल्या माणसांना म्हणाला, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेला मासा दिला, तो खाल्ला."

"मासा?" तिनं तोंड असं केलं की मला पुन्हा हसू आलं. "एवढं मरणातून उठून मासा? कुणी भाकरी न्हाई दिली व्हय? द्या ती चावी हिकडं, हात धुवा, तुमी तरी भाकरी खावा."

मी खाल्ली. पिठल्यात मिरची जास्त होती. दुःखाच्या घरचं जेवण बळंबळं भरवतात तसं तिनं मला भरवलं आणि मी भरवून घेतलं. तेव्हा मला त्या बाया आठवल्या, ज्या तिसऱ्या दिवशी पहाटे येशूच्या थडग्याकडं निघाल्या होत्या. त्याही मयतासाठीच सामान घेऊन गेल्या होत्या, अंगाला लावायचं सुगंधी तेल आणि बाकीची सुगंधी द्रव्यं. सगळं चुकीचं सामान. उठलेल्या माणसाला त्यातलं काही लागत नव्हतं. पण त्या निघाल्या म्हणून तर त्यांना सगळ्यांत आधी कळलं. त्यांच्या चुकीबद्दल कोणी त्यांना रागावल्याचं शुभवर्तमानात कुठं लिहिलेलं नाही. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल, मास्तरांच्या तोंडून तर दर वर्षी. पण तशी बाई माझ्या दारात येईपर्यंत मला ती कळली नव्हती.

चावी न्यायला कोणी आलं नाही. नंतर कळलं, फादर कोणाला सांगायचंच विसरले होते. की विसरले नव्हते, ते मी कधी विचारलं नाही. मिस्साची, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या प्रार्थनेची, वेळ होत आली आणि माणसं बंद दारापुढं उभी असणार, हे ध्यानात आलं तेव्हा मी तोंडावर पाणी मारलं, चप्पल घातली आणि निघाले. महानंदा म्हणाली, "मी बी येते, बघते तुमचा परभू." ती माझ्यासोबत आली. मी कुलूप काढलं, दारं उघडली आणि ओट्यावर वळून उभी राहिले. मास्तरांसारखा आवाज माझ्याकडं नाही, रडून घसाही बसला होता. जमला तेवढा काढला, "येशू उठला हाय!" मग सगुणाआजीनं सगळ्यांत आधी उत्तर दिलं. त्या दिवशी विश्वासांगीकार मी पूर्ण म्हटला. महानंदा मागं बसून माणसांनी वेदीवर वाहिलेली फुलं बघत होती.

यात चमत्कार कुठला, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. एका म्हातारीनं गूळ घेतला नाही, एका बाईनं पाटी वाचली आणि दोन नावांची गल्लत केली. मी स्वतः काहीच केलं नव्हतं, ना धावा, ना नवस. मी तर दार बंद करायला निघाले होते. आता प्रार्थनेला बसते तेव्हा फार मागत नाही. जे येईल ते दारातून आत येऊ द्यावं, मग ते चुकीच्या नावानं का येईना, एवढंच शिकले. त्या बाईला ज्यानं धाडलं त्याचे आभार मानते, आणि सगुणाआजीचेही. चावी अजून माझ्याकडंच आहे.

महानंदाला आता सगळं नीट माहीत आहे. ईस्टर म्हणजे काय, प्रभू कोण आणि प्रभुदास कोण, ती दुकानात येणाऱ्यांना स्वतःच समजावून सांगते. तरी दर ईस्टरच्या सकाळी ती पिठलं-भाकरी घेऊन येतेच. मिरची अजूनही जास्तच असते. मी गोडाधोडाच्या घाईत असते. ती दारात थांबते, पाटीकडं बघते आणि आतल्या माणसाला झोपेतून जाग आली का विचारावं तसं विचारते, "मावशी, उठला का परभू?"

"उठला," मी आतून म्हणते. "ये."