शब्द दिलेली पिल्लं

आमच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्रीची पिल्लं जन्माला यायच्या आधीच वाटून झाली होती. वाटणारे माझे सासरे, आबा. कुत्री मी माहेरहून, दौंडकडून आणलेली, पण ती गाभण राहिल्यापासून तिच्या पोटाचा कारभार आबांकडे गेला. शिरूरच्या बाजारात एकाला शब्द, सोसायटीच्या मीटिंगला दुसऱ्याला. एका लग्नाच्या पंगतीत तर त्यांनी दोघांना एकदमच खूश करून टाकलं. एवढी पिल्लं ती घालणार कशी, असं मी विचारलं की मिशीत हसायचे.

आबांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. तेव्हापासूनची घरची रीत अशी की कुत्र्याचं पिल्लू विकायचं नाही. समोरच्याने नारळ द्यायचा, आपण पिल्लू द्यायचं, आणि दिलेलं पुन्हा मागायचं नाही. लेक दिल्यासारखं. मला ही रीत फार आवडायची. पिल्लू मेंढरांच्या एका कळपातून दुसऱ्या कळपात जायचं तोवर ती शोभतही होती. आता नारळ घेऊन येणाऱ्यांकडे रान उरलं नव्हतं. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कुत्री गोठ्याच्या कोपऱ्यात व्यायली आणि पुढचं सगळं माझ्या अंगावर पडलं. ओली पोती बदलायची, तिला दूध-भाकरी, अंडी घालायची, पिल्लांना जंताचं औषध पाजायचं. शब्द देणारे आबा तेवढ्या वेळात पारावर. दोन महिने आईपासून तोडू नका, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लहान नेलं की लळा लागतो म्हणून लोक आधीच दारात हजर. मी गोठ्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिले, तर आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावण्यांना माघारी लावू का?" पाहुण्यांसमोर मी काय बोलणार? पिल्लं एकेक करून गेली. कुत्री ताठलेली थानं घेऊन पोती हुंगत फिरायची. तिच्या तोंडाकडे मला बघवायचं नाही.

शेवटचं पिल्लू, मादी, आबांच्या भाच्याने नेलं. तो कुरकुंभला कंपनीत, बायकोही तिथेच पॅकिंगला. दिवाळीनंतर माहेरी जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. भाड्याची खोली वरच्या मजल्यावर. पिल्लू जिन्याच्या वळणावर साखळीला बांधलेलं. लांब पाय, बारीक कंबर, अगदी आईसारखी झाली होती, आणि साखळी पुरेल तेवढ्या फरशीवर येरझारा घालत होती. दोघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या, म्हणजे एक कामावर आणि एक झोपलेला. भाच्याची बायको मनाने वाईट नव्हती. चहा ठेवता ठेवता डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, मला बी बघवत न्हाई. पर मामांनी दिलेलं माघारी कसं द्यायचं?"

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं. पण आपण मागितलं तर भाच्याचा पाणउतारा होईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तिकडे ते आबांचा मान राखत होते, इकडे आबा त्यांचा, आणि दोघांचा मान राखायला ती साखळीला. मी भांडले, अबोला धरला, स्वयंपाकघरात भांडी आपटली. काही उपयोग झाला नाही.

उन्हाळ्यात भाच्याकडे पूजा होती. आबा गेले आणि तो जिना चढताना त्यांनी तिला पाहिलं. खालच्या दुकानातून नारळ घेऊन आले, भाच्याच्या हातात ठेवला आणि साखळी सोडली. जेवायलाही थांबले नाहीत. ओळखीच्या टेम्पोतून तिला घेऊन संध्याकाळी वस्तीवर आले.

आईने तिला ओळखलं नाही. गुरगुरली आणि आपलं भांडं राखत उभी राहिली. आबांनी गळ्यातला पट्टासुद्धा काढून टाकला. कांदा निघालेला होता, समोर रान मोकळंच होतं. ती दारातून निघाली, त्या साखळीच्या लांबीएवढी चालली आणि माघारी फिरली. पुन्हा तेवढीच, पुन्हा माघारी. बुजली असेल, होईल सवय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

वर्ष होत आलं. आबा रोज सकाळी भाकरी घेऊन रानात लांब जाऊन उभे राहतात आणि तिला हाका मारतात. ती ठरल्या जागेपर्यंत येते, शेपूट हलवते, थरथरते, पण पुढे पाऊल टाकत नाही. परवा बांधाखालून ससा उठला. म्हातारी आई वाऱ्यासारखी त्याच्या मागे गेली. ही तिथेच उभी राहून केविलवाणं ओरडत राहिली. आबा भाकरी हातात घेऊन परत आले आणि माझ्याजवळ टेकले.

"तू सांगितलं तवाच मागाया पायजे व्हतं," ते म्हणाले.

एरवी आबांनी माझं खरं मानलं की मी आठवडाभर मिरवते. त्या दिवशी मी त्यांच्या हातातली भाकरी घेतली आणि ती जिथे थांबली होती तिथे नेऊन तिला घातली.