आत्तीचं बाकडं

आमच्या आत्तीनं निम्मा महाराष्ट्र, गोवा आणि थोडासा कर्नाटक बाकड्यावर बसून पाहिलाय. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती नेसरीला राहते, दोन म्हशी आणि एक सून सांभाळते. गेल्या काही वर्षांत तिच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यामुळं चार पावलं चालली की तिला टेकायला काहीतरी लागतं. पण सहल म्हटली की आत्तीला न्यायचंच, असा आमच्या घरचा नियम. न्यायचं, पहिली सावली दिसली की बाकड्यावर बसवायचं, सगळ्यांच्या पिशव्या तिच्याभोवती रचायच्या आणि आपण बघायला निघून जायचं.

तीच म्हणायची, "तुमी जावा, मी बसतो हितं पिशव्या घिऊन." आमच्याकडच्या जुन्या बायका 'बसते' म्हणत नाहीत, 'बसतो' म्हणतात. त्यात जरब असते. त्यामुळं आपण तिला मागं टाकून चाललोय असं न वाटता तिनंच आपल्याला हाकललंय असं वाटायचं आणि आम्ही निवांत मनानं फिरायचो.

परत आलं की ती विचारायची, "काय हुतं रं आत?" तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, "तसं काय विशेष नव्हतं, आत्ती." म्हैसूरचा राजवाडा विशेष नव्हता. गोव्याचा समुद्र विशेष नव्हता. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर तर नुसतं धुकंच होतं. इतकी वर्षं पेट्रोल जाळून आम्ही एकही बघण्यासारखी गोष्ट पाहिली नाही, यावर आत्तीचा विश्वास बसतो असं आम्ही धरून चाललो होतो. तिला म्हैसूरबद्दल विचारलं तर ती राजवाड्याचं नाव काढत नाही. चपला ठेवायच्या जागेपाशी भेटलेल्या गदगच्या बाईला तिच्या सुनेनं कसं छळलं, ते सांगते. नेसरी कर्नाटकच्या सीमेलगत, तिथं कानडी कळतंच, त्यामुळं बाकड्यावर तिला गोष्टींचा तुटवडा कधी पडला नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या माहेरी, म्हणजे कसबा बावड्याला, सगळे जमलो. हायवेला पेठ वडगावच्या पुढं मोठं पार्क झालंय, पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे आणि बर्फाचं घर असलेलं. तिथं जायचं ठरलं. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, आत्तीला तिच्या सुनेच्या मोबाइलवर फोन लावला. आत्ती म्हणाली, "न्हाय येत. बाकडं नेसरीतबी हाय."

मी फोन घेतला. म्हटलं, "आत्ती, तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीवरच्या गाड्या भाड्यानं मिळतात. बसायचं आणि जायचं. चालायचं नाही."

"बरफाचं घर हाय म्हनं तितं?"

"आहे की."

"खरं बरफ?"

"खरं. मी नेते तुला."

पलीकडून म्हशीची घंटा ऐकू आली. मग ती म्हणाली, "येतो. पर बाकड्यावर बसायचो न्हाय, आत्ताच सांगून ठेवतो."

पार्कच्या दारात दोन गाड्या घेतल्या. एक आत्तीला, एक काकांना. काका हे आत्तीचे धाकटे भाऊ, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं की ते डॉक्टर बदलतात. "मी काय आजारी हाय व्हय?" म्हणून त्यांनी गाडीकडं पाठ फिरवली. मग समोरचा चढ दिसला आणि ते गाडीत बसले. दादा गाडीभोवती दोन चकरा मारून, चाकाला लाथ घालून काउंटरवरच्या मुलीला विचारत होता, "ॲव्हरेज काय देते?" तो पेट्रोल पंपावर गेला तरी तिथल्या माणसाला शहाणपण शिकवून येतो.

त्या मुलीनं आत्तीला समजावलं, "आजी, हे दाबलं की पुढं जाते, सोडलं की थांबते."

"सोडल्यावर थांबती? मग म्हशीपरास गुणाची हाय," आत्ती म्हणाली. तिनं हँडलला हात लावून कपाळाला लावला, लुगडं आवरून बसली आणि निघाली. पहिल्या वळणावर काकांच्या गाडीला हलकासा धक्का दिला, दुसऱ्या वळणावर तिला हॉर्न सापडला. मग काय विचारता! "ओ पावणं, सरका की! दिसत न्हाय व्हय?" पावणं घाबरून फुलझाडांत. आत्तीला इतकी खूश मी तिच्या नातवाच्या बारशातही पाहिली नव्हती.

आणि मग आमच्या रक्तातलं जागं झालं.

सुरुवात वहिनींनी केली. "आत्ती, एवढी पर्स घ्या की, गाडीला टोपली हायच." मग टॉवेल आले. मग भडंगाचा डबा, पाण्याच्या बाटल्या, पोरांचे कोरडे कपडे. हँडलला पिशव्या लटकल्या. पाण्यात उतरायचं म्हणून सगळ्या बायकांनी मंगळसूत्रं, बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि गाठोडं आत्तीच्या मांडीवर ठेवलं. माझ्या नवऱ्यानं मोबाइल दिले, दादानं पाकीट, गाडीची चावी आणि चष्मा. कपाटं भाड्यानं मिळत होती, पण दादा म्हणाला, "लॉकरपरास आत्ती बरी." शेवटी ऊन तापायच्या आत उडी मारायची घाई, म्हणून सगळ्यांच्या चपलाही गाडीच्या पायरीवर गेल्या. आत्तीचं आता फक्त डोकं दिसत होतं. बाकड्याला चाकं लागली होती, एवढाच काय तो फरक.

गाडी एका झाडाखाली लावली. शेजारी काकांची. "काका, आत्तीकडं लक्ष ठेवा," दादानं हुकूम सोडला.

"आनि बरफाचं घर?" आत्तीनं विचारलं.

तेवढ्यात वर भोंग्यातून सांगत होते की मशीनचं काम असल्यामुळं बर्फाचं घर आज दुपारच्या जेवणाआधीच बंद होणार. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दादा म्हणाला, "अजून लय टाइम हाय, आत्ती. आदी पान्याचं उरकून घेतो." मी म्हणत होते की मी तिला नेऊन आणते, पण पोरांनी हात धरून ओढलं, एकच घसरगुंडी, एकच. आत्ती माझ्याकडं बघत राहिली. तिचं ते नेहमीचं 'मी बसतो हितं' सुद्धा म्हणाली नाही.

घसरगुंडीचा जिना काही संपता संपेना. माझाही डावा गुडघा हल्ली जिना चढताना कुरकुरतो, त्यामुळं घरात पुढचं बाकडं कुणासाठी राखून ठेवलंय ते मला चांगलं ठाऊक आहे. वर पोचून कठड्याला टेकले आणि खाली बघितलं. झाडाखालून एक गाडी हलली. पिशव्यांचा ढीग, त्यावर हिरव्या लुगड्याचा पदर. ती चौकात थांबली, एका पावण्याला काहीतरी विचारलं, त्यानं हात केला, आणि गाडी बर्फाच्या घराच्या दिशेनं वळली. हॉर्न वरपर्यंत ऐकू आला.

दादा माझ्या मागंच उभा होता. चष्मा नसल्यानं डोळे बारीक करून म्हणाला, "ती आत्ती चाललीया काय गं?"

"कुठं? ती काय तिथंच बसलीय," मी म्हटलं, आणि घसरगुंडीवर अंग सोडून दिलं. इतकं मोकळं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

खाली आलो तर काका गाडीवर मान टाकून घोरत होते. दादानं गदागदा हलवलं. "आत्ती कुटं हाय?"

"गेली की."

"कुटं?"

"म्या इचारलं न्हाय. मोठी भन हाय माजी, तिला कसं इचारनार?"

दादा शोधायला निघाला. सावली संपली तिथं तापलेल्या फरशीवर त्याचे अनवाणी पाय पडले आणि नाचत नाचत परत आला. काकांची गाडी घ्यावी तर काका उतरेनात आणि दादाला चष्म्याशिवाय रस्ता दिसेना. फोन करावा तर फोन आत्तीकडं. आत्तीचा स्वतःचा तर फोन नसतोच. खावं तर पैसे नाहीत. अंग पुसावं तर टॉवेल नाही. वहिनी मोकळा गळा चाचपत "माझं मंगळसूत्र, माझं मंगळसूत्र" करायला लागल्या. माझा नवरा वडापावच्या स्टॉलकडं तोंड करून बसला. सगळं खानदान ओलं, ओळीनं, त्या झाडाखालच्या बाकड्यावर. माझं तोंड गंभीर ठेवायला मला फार कष्ट पडत होते.

तेवढ्यात इचलकरंजीकडची एक बाई आली. "ताई, तुमी बसलाईसाच न्हवं? एवढी पिशवी बगा जरा, आलोच आमी." नाही म्हणायच्या आत पिशवी माझ्या मांडीवर. तिचं बघून अजून एक कुटुंब आलं. मग दोन जावा आल्या, त्यांनी तर बाळाचा पाळणासुद्धा दादाच्या पायाशी ठेवला. बाळ नव्हतं त्यात, एवढंच नशीब. दादा म्हणाला, "आपन काय हमाल हाय काय?" पण हळूच म्हणाला, कारण लोक विश्वासानं ठेवून गेले होते. आता फरशी गार झाली असती तरी आम्हाला उठता आलं नसतं. समोरून माणसं हसत, ओरडत, भिजत जात होती आणि आमच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. मला पहिल्यांदाच जरा कसंतरी झालं.

पुढं किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हॉर्न आला.

आत्तीचं नाक लालबुंद झालं होतं. लुगड्याचा काठ ओला. आणि लुगड्याखाली पायात बर्फाच्या घरातले निळे गमबूट तसेच. ते परत घ्यायला तिथली बाई तिच्या मागनं चालत येत होती, पण ती रागावलेली वाटत नव्हती, तीही हसत होती. पिशव्या होत्या तशा होत्या, मांडीवरचं सोन्याचं गाठोडं जागेवर होतं. गाडी आमच्यासमोर आली, आत्तीनं बोट सोडलं आणि गाडी गुणानं थांबली.

वहिनींनी गाठोड्यावर झडप घातली. दादा चष्मा शोधायला लागला. आत्तीनं पदराची गाठ सोडली. प्रसाद बांधून आणतात तशी घट्ट गाठ होती. आत काहीच नव्हतं, नुसतं ओलं. पदर तिनं दोनदा उलटून पाहिला.

"मूठभर आनलं हुतं तुमास्नी," ती म्हणाली. "उनानं खाल्लं."

पोरं तिला जाऊन बिलगली. तिचे हात अजून गार होते, ते त्यांनी आपल्या गालांना लावून घेतले. सगळ्यात धाकटी म्हणाली, "आजी, सांग ना, काय होतं आत?"

आत्तीनं बाकड्यावरून नजर फिरवली. दादा, वहिनी, माझा नवरा, मी, आणि आमच्याभोवती रचलेल्या लोकांच्या पिशव्या. एकेकाकडं सावकाश बघितलं. मग गमबूट उतरवत म्हणाली,

"तसं काय इशेष न्हवतं."