टायवाले नाना

नानांच्या खिशात कायम जुन्या बनियनचा एक तुकडा असायचा, भोकांसकट. शिडीवर चढून केबलच्या जुडग्याभोवती स्टीलचा टाय आवळला आणि त्याचं शिल्लक शेपूट छाटलं, की नाना तो तुकडा टायवरून फिरवत, जणू लहान पोराचं नाक पुसतायत. बनियनचा धागा कुठे अडकला की छाटणी पुन्हा. "बनेन फाटला तर चालंल," ते म्हणत, "मानूस फाटला तर शिवावा लागतो."

मी डिप्लोमा करून ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हाची ही गोष्ट. पनवेलजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात केबल बांधायचं काम होतं. तिथल्या उष्णतेत आणि अ‍ॅसिडच्या वाफेत प्लास्टिकचा टाय महिनाभरही टिकत नाही, म्हणून स्टीलची पट्टी. ती आवळायला पिस्तुलासारखी एक गन असते. ताण बसला की तीच पट्टी मुळापासून कापते. पक्कडीने कापली तर खुंट राहतो, आणि तो खुंट ब्लेडसारखा चिरतो.

नाना जवळच्याच ओवे गावचे, साठीला टेकलेले. आजूबाजूला सगळे त्यांना 'टायवाले नाना' म्हणत. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटे, गळ्यात टाय बांधून कुणी मोठे साहेब येणार. यायचे ते बाह्या दुमडलेले, पान खाल्लेले नाना. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "हात दाखवा म्याडम." मला वाटलं, भविष्य सांगतायत.

"यक पन खून नाय. म्हंजे काम केलेला नाय."

मग त्यांनी स्वतःचे तळवे पुढे केले. त्यांवरही एक ओरखडा नव्हता. "मग तुम्हीही केलं नाही की!" मी म्हटलं.

"मी केला. पन नीट केला."

नवीन पोरगे सगळा जोर लावून टाय आवळत, केबलच्या वेष्टनात पट्टी रुतेपर्यंत. नाना खालून ओरडत, "का रं, केबलीनं तुजा काय घेतलाय? कंबरपट्टा हाय तो, फास नाय! जेवल्याव पन श्वास घेता आला पायजे." ठेकेदाराच्या साइटवरच्या साहेबांनाही सोडत नसत. त्यांनी गेटवर 'हात जपा' अशी चार रंगांची पत्र्याची पाटी लावली होती. नानांनी तिचा कोपरा बनियनने पुसला, तर धागा अडकला. "बगा," ते म्हणाले, "पाटीच पयली चावते." दुसऱ्या दिवशी स्वतः कानस आणून त्यांनी ते चारही कोपरे घासले.

त्या उन्हाळ्यात नाना पुतण्याच्या हळदीला तीन दिवस रजेवर गेले. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. सगळी आळी डीजेसमोर आणि निम्मी आळी टेबलाखाली. नाना मात्र आयुष्यात दारूला शिवले नव्हते. हळदीत ते लिंबू सोडा घेऊन बसत आणि पडलेल्यांना घरी पोचवत.

नेमका त्याच तीन दिवसांत वरून निरोप आला, तपासणी लवकर होणार. गन दोनच. साहेबांनी दुसऱ्या टोळीच्या हाती पकडी दिल्या आणि मोठ्या शिडीजवळचं सगळं काम उरकून घेतलं. संध्याकाळी तपासणीचा कागद माझ्यासमोर आला. मी खाली उभी राहून मान वर केली. सगळं चकाकत होतं. मी सही केली.

सकाळी नाना परतले, कानामागची हळद तशीच. शिडी चढले, दोन मिनिटांत उतरले आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"सायब, तुमी या शिडीनं वर जाऊन खाली या. पँट शाबूत आली तर मी आजपासून गावात म्हशी राखीन."

पन्नास माणसं बघत होती, साहेबांना चढावंच लागलं. वर गेले ते झोकात. उतरताना चर्रकन आवाज आला. साहेब जमिनीवर आले तेव्हा त्यांची निळी पट्ट्यांची चड्डी सगळ्या साइटने पाहिली. मांडीवर रक्ताची एक बारीक रेघही होती. कुणी हसलं नाही, म्हणजे सगळे केबलच्या रिळांमागे जाऊन हसले.

साहेबांनी कमरेला फाइल धरली. "हे चेक कोणी केलं?"

कागदावर सही माझी होती. नोकरीला पाच महिने झाले होते. घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं.

"मी," नाना म्हणाले. "काल सांजच्याला येऊन बगितला. म्याडमला बोललो, झकास हाय, सही करा. हळदीची चढली हुती, डोळं जाग्याव नव्हतं."

काल संध्याकाळी नाना ओव्यात होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण साहेबांना खरं नको होतं, नाव हवं होतं. दारू पिऊन कामावर आल्याचं कारण लिहून नानांना दुपारीच गेटबाहेर काढलं. मी गप्प राहिले. पुढचे दोन दिवस आम्ही सगळे खुंट नव्याने कापले, तेव्हाही गप्पच.

ओव्याला जायला मला चार महिने लागले. दारात नानांची बायको होती. तिने मला ओळखलं. "तुमीच का त्या म्याडम? आमचा मानूस पीत नाय, ह्या मी दारोदार सांगत फिरली. लोक हसतान." एवढं बोलून ती आत गेली आणि चहा ठेवला.

नाना ओट्यावर वाल सोलत होते. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. "नाना, का खोटं बोललात?"

"सायबाची चड्डी दिसल्याव कुनाला तरी जावाच लागनार हुता. मना घरी भात हाय. तुला काय हाय?"

मला रडू फुटलं. ते सोलत राहिले. मग विचारलं, "बाय, आता सही करतेस तवा वर चढतेस काय?"

"चढते."

"समद्या शिड्या?"

"सगळ्या."

"मग झाला," नाना म्हणाले आणि मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. "रडताना पन हात चालू ठेव. जेवून जा."